फुकताना दम कवा घेतीस?

मी दिव्याम्होरं बसून पैंजनाच्या कड्या झाळत हुते. फुकनी तोंडात. पोरगी वही घेऊन समोर बसलेली. मधीच म्हनली, "आई, तू फुकताना दम कवा घेतीस?"

आता ह्ये काय इचारनं झालं? मी फुकनी काढून म्हनलं, "दम घेत न्हाय तर जित्ती कशी हाय? ऊठ, तांदूळ निवड."

ती उठली न्हाय. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत ऱ्हायली आन् वहीत कायतरी खरडलं.

आमी हुपरीचं. हितं घरटी चांदी. आमच्या वस्तीतली मानसं एकतर दुसऱ्याच्या रानात, न्हायतर चांदीत. मालक वारलं तवा पोरगी दोन वर्साची हुती. तवापास्नं मी घरात बसून कड्या जोडते. एकीत एक कडी घालायची, जोडावर डाकाचा बारीक तुकडा ठेवायचा, रॉकेलच्या दिव्याची जोत नळीनं फुकून तेच्यावर पाडायची. डाक इतळला की जोड बसला. फुक तुटली की जोत पळती आन् जोड कच्चा ऱ्हातो. म्हनून फुक तोडायची न्हाय. माझी शाळा दुसरीत सुटली, पर ह्ये मातर सासूनं पक्कं शिकवलं.

काजळी भितीवर, नाकात, घशात. सकाळी खोकलं की काळं पडायचं. पडायचं ते पडायचं. सगळ्यांचंच पडतं, बोलायचं काय त्यात?

पोरगी नववीत गेली त्या साली शाळेत कोल्लापूरच्या एक बाई आलत्या. आमच्यासारख्या वस्तीतल्या पोरी निवडून शिवाजी पेठेत दर ऐतवारी वर्ग घेनार म्हनल्या, फुकट. मला वाटलं शिवनकाम आसंल. म्हनलं, जा. तर ही येताना तारा आनायची, खिळं आनायची, एकदा मोडका पंखाच घेऊन एस्टीतनं उतरली. एकदा माझ्या हातांचं चितार काढलं, बोटाबोटाला बान दावलेलं. मी ते लई येळ बघितलं. हात माझंच हुतं. बान कशाला ते काय कळंना.

जाऊबाई शेजारीच. तिनं इचारलं, "काय शिकवत्यात गं तिला तिकडं?"

"घरातल्या अडचनी हुडकाया शिकवत्यात म्हनं."

"मग कोल्लापूरला कशाला धाडतीस? माझ्या घरात सोड की. एक हुडकाया गेली तर धा घावत्याल."

पर खरंच तसंच हुतं. घरातली एक अडचन हुडकायची आन् तेच्यावर आपल्या हातानं कायतरी करायचं, आसं सांगितलेलं. ज्यांचं पटंल त्या पोरीस्नी दोन वर्सं कोल्लापुरात ठेवून मशिनीचं शिक्शान देनार. बाकीच्यांनी आपापल्या घरी. घरी म्हंजे काय ते मला म्हाईत हुतं. माझ्या दिव्याशेजारी आनि एक दिवा लागनार हुता.

हिनं अडचन म्हनून मलाच धरलेलं. दोन फळ्या, मधी कातडं, आसा पायानं दाबायचा भाता केलता. तोंडानं फुकायचं नगो म्हनून. दाबला की फुस्, उचलला की गप. फुस्, गप. जोत नाचायची आन् इझायची. मी म्हनलं, "ह्येच्यापक्षी माझं तोंड बरं हाय की." ती रडली न्हाय. पुन्ना वही घेऊन माझ्याम्होरं बसली. त्यो दमाचा सवाल तवाचा.

मग म्हनली, ऐतवारी वर्ग सुटला की बाई आन् वर्गाचं सर आपलं घर बघाया येनार हाईत. तेच्यावरच ठरनार हाय.

पावनं येनार म्हनल्यावर मी काय करनार? पोरगी सकाळच्या एस्टीनं गेली आन् मी भितीला दोन हात चुना मारला. बसायच्या जागेवरची धूळ झाडून डब्यात भरली, चांदीची धूळ टाकून देत न्हाईत. जमीन सारवली. दिवा, फुकनी, चिमटं, सगळं तांदळाच्या डब्यामागं दडपलं. जाऊबाईकडनं कपबश्या आनल्या. चांगलं लुगडं न्हेसले. घर कसं दिव्यावानी लख्ख झालं. म्हनलं, आता पोरीची मान खाली जायाची न्हाय.

दुपारी ती त्येस्नी घेऊन आली. दारातच थबकली. भितीकडं बघून तिचं तोंड पडलं. मला वाटलं, उनाचं आसंल.

मी जयभीम केला, पानी दिलं, पोहं दिलं. सर म्हनलं, "मावशी, काम कुठं बसून करता?"

"हितंच कुठंतरी. बसती की कुठंबी."

"मुलीनं लिहिलंय, धुराचा फार त्रास होतो तुम्हाला."

"कसला तरास? कायबी न्हाय. सुखात हाय आमी. पोहं घ्या की आनि."

पावन्यापुढं रडगानं गायाची आमच्यात रीत न्हाय. हितं कसली आलीया चूक?

सरांनी पांढऱ्या भितीकडं बघितलं, वहीकडं बघितलं, मग पोरीकडं. "हे सगळं घरात बघूनच लिहिलंस ना गं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. आई खोटं बोलतीया म्हनली आसती तर सुटली आसती. तसं म्हनली न्हाय. खाली वाकून, त्येस्नी दावाया काढलेला भाता पिशवीत भरायला लागली. पिशवीत जाईना, तरी रेटत हुती. तवा मला कळलं की मी कायतरी वंगाळ केलंय. काय, ते धड कळलं न्हाय. घर सोच्छ केलं, पावन्यांचा मान राखला, आन् पोरीचं वाढलेलं पान मीच उचलून टाकलं, आसं कसं झालं?

मी उठले. डब्यामागनं दिवा काढला, फुकनी काढली. चांगल्या लुगड्यावरच जमिनीवर बसले आन् चार कड्या घेऊन लावली फुक. चुना नवा हुता, लगेच काळा पट्टा उठला. बाई जवळ येऊन बसल्या. त्येंनी कायतरी मनात मोजल्यावानी केलं आन् सरांस्नी म्हनल्या, "बघा, खंडच पडत नाही."

पोरीनं पिशवी टाकली. माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. ल्हान आस्ताना ठेवायची, तेच्यानंतर आत्ताच.

"गाल," ती म्हनली. "बाई, ही गालात वारं भरून ठेवतीया. नाकानं दम घेस्तवर गाल फुकत्यात. माझ्या भात्याला गालच न्हाईत!"

इतकी वर्सं ह्ये मी करत हुते आन् मलाच ठावं नव्हतं. हसावं का काय ते कळंना, आन् हसायला गेले तर खोकला आला. थांबंना. पदरावर काळं पडलं. मी पदर दुमडायला लागले, आन् हात थांबला. तसाच उघडा ठेवला. सरांनी बघितलं.

बाईंनी हळूच इचारलं, "मावशी, त्रास होतो का?"

ह्ये एक अक्शर तोंडातनं काढाया मला जेवढा येळ लागला तेवढ्यात धा कड्या झाल्या आसत्या.

"व्हतो," म्हनलं. आन् लाज वाटली. पावन्यांकडं बघवंना.

सरांनी वही उघडून लिवलं. जाताना बाई पोरीला म्हनल्या, "आता गाल बनव."

पेठेत फुटबॉल खेळनारी पोरं लई. त्येंच्याकडनं हिनं फुटक्या बॉलाच्या आतला रबरी फुगा मागून आनला, ठिगाळ लावलं आन् भात्याला जोडला. भाता त्यो फुगा भरतो, फुगा नळीतनं सारखा फुकत ऱ्हातो. जोत हालत न्हाय. पोरीला घेतलं. जूनमधी पेटी घेऊन गेली.

जाऊबाई भाता बघून लई हसली. "पायानं चांदी झाळतीस व्हय आता? लाथाळी!" म्हैन्यानं तीच म्हनली, पोरीला सांग, मलाबी एक कर.

मला आजूनबी उमगत न्हाय. कशात हुशार हाईस म्हनून इचारलं आसतं तर धडाधडा सांगितलं आसतं. तरास इचारला, आन् त्यो सांगितला म्हनून पोरगी शिकाया गेली. ह्ये कसलं शिक्शान?

तिकडं ती शिकत हुती, हिकडं मी भात्यावर पाय मारत बसायची. तोंड रिकामं. तरीबी जोत पेटली की माझं गाल आपसूक फुगायचं. जाऊबाई दारातनं वरडायची, "आगं, सोड की वारं!" मी सोडायची. कडी ठेवायची, पाय मारायची, आन् पुन्ना फुगायचं.