मिलिंदचं ‘इश कोमे’

जर्मनीतल्या येनात राहिलं की किस्से साठत जातात, रिकाम्या काचेच्या बाटल्यांसारखे. रविवारी टाकायला जावं तर खळखळाट होतो म्हणून शेजारीण ओरडते, आणि सोमवारी आपल्यालाच वेळ नसतो. आमच्या लेन्सच्या लॅबमध्ये मराठी दोघंच, मी आणि नागपूरचा मिलिंद. निम्मे किस्से त्याचेच. लोक म्हणतात हसण्यासारखे आहेत. मला आता हसू येत नाही, बघा तुम्हाला येतं का.

*

मिलिंद नवीन होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी घरी निघताना दारातून ओरडला, "इश कोमे!" म्हणजे आपलं "येतो"! लॅबप्रमुख उवे बिचारा, येतो म्हणालाय म्हणून लॅब उघडी ठेवून वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी नुसती तणतण, "येतो म्हणालास आणि गेलास?"

"आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हटलं की माणूस परत येत नाही."

"पण तू तर जातच होतास!"

"हो, पण परत यायलाच ना!"

उवेने कपाळाला हात लावला. मी मिलिंदला बाजूला घेतलं, "काय रे, एवढा विज्ञानवादी, आणि शुभ-अशुभ मानतोस?"

"मी कुठे मानतो? आई मानते!"

झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी मिलिंदचं "इश कोमे" आणि उवेचं "फाल्श!" म्हणजे चूक. चार वर्षं हेच.

*

यंदा भीमजयंती रविवारी आली, म्हणून मिलिंदने शुक्रवारीच पातेलंभर खीर आणली. सगळे चमचे घेऊन हजर.

"कोणाचा वाढदिवस?"

"आमच्या बाबासाहेबांचा. परवा आहे."

परवा म्हटल्यावर सगळ्यांनी चमचे खाली ठेवले! जर्मनीत वाढदिवस आधी साजरा करणं म्हणजे महाअशुभ. सोमवारी खाऊ म्हणाले आणि पातेलं फ्रीजमध्ये गेलं. शनिवारी दुरुस्तीसाठी बिल्डिंगची वीज बंद. सोमवारी खीर नासलेली!

उवेने वास घेतला आणि म्हणाला, "पण अशुभ तर टळलं."

*

टळलं कुठलं! मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. इथे सगळं एकेक वर्षाच्या बोलीवर. पुढचं मिळालं तर राहायचं, नाही तर व्हिसा संपला की गाशा गुंडाळायचा.

त्याच दिवसांत नागपूरहून मिलिंदच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मिलिंदची पाच वर्षांची तारा इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून.

"तारा, घरी कधी येणार गं?"

"वाइस निश्त," तारा म्हणाली. म्हणजे माहीत नाही.

आजीने भलतंच ऐकलं. "निश्चित म्हणाली! ऐकलंत का, पोर निश्चित येणार म्हणाली!" अर्ध्या तासात कॉलनीभर बातमी.

सुजाता वहिनी म्हणाल्या, "अहो, आईंना खरं सांगा ना."

मिलिंद म्हणाला, "काय सांगू? मला तरी कुठे माहितीये?"

*

शेवटी विभागाच्या प्रोफेसरने त्याला आत बोलावलं. मिलिंद लगेच बाहेर आला.

"इतक्यात झालं?"

"'लायडर' म्हणाला रे. या देशात 'दुर्दैवाने' म्हटलं की पुढचं ऐकायची गरज नसते."

काम उत्तम आहे म्हणे, पण कॉन्ट्रॅक्ट वाढवणं नियमात बसत नाही! मग त्याने कोलोनपासून ब्राउनश्वाइगपर्यंत अर्ज टाकले. सगळीकडून लायडर. नागपुरात आजी खूश, "पोर निश्चित म्हणालीच होती!" इकडे वहिनी रडून बेजार, मराठीचं अक्षर न बोलणारी पोर तिथल्या शाळेत कशी टिकणार? मी तरी काय सांगणार, कपाळ? पुढच्या वर्षी माझाही नंबर आहे. जीव लावायला जावं, तर व्हिसा संपतो!

*

शेवटच्या दिवशी मिलिंदने टेबल आवरलं, लॅबची किल्ली उवेच्या हातात ठेवली. दारापर्यंत गेला, थांबला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा अगदी बिनचूक जर्मन बोलला.

"इश गेहे." जातो.

उवे किल्लीकडे बघत राहिला. मग एकदम ओरडला,

"फाल्श, मिलिंद! इश कोमे! इश कोमे म्हण!"