अजून एक ट्रायल

आमच्या ताईच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘मास्टर’ म्हणते. मीही तेच म्हणतो. ते शिंपी आहेत आणि हात असा, की त्यांनी शिवलेली पँट चढवून माणूस आरशासमोर उभा राहिला की आपण कुणीतरी आहोत असं त्याला उगाचच वाटू लागतं. अडचण एवढीच, की ती पँट हातात पडेपर्यंत त्याचं पोट बदललेलं असतं. एकाला लग्नाचा सूट मिळाला तेव्हा त्याचा मुलगा चालायला लागला होता, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. ती शुद्ध अतिशयोक्ती आहे. मुलगा तेव्हा नुसता रांगत होता.

हा उशीर आळसाचा नव्हे. मास्टर दिवसभर राबतात. त्यांचं दुखणं वेगळंच आहे: कात्री चालवायची म्हटली की त्यांच्या जिवावर येतं. “सोडलेलं कापड केव्हाही आत दाबता येतं, कापलेलं काही केल्या वाढत नाही,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यामुळे आधी खडूने आखायचं, मग पुसायचं, मग परत आखायचं. नंतर कच्चा टाका. नंतर ट्रायल. नंतर अजून एक ट्रायल. गिऱ्हाईक इतक्या वेळा येतं की शेवटी ते ताईला दळण आणून देऊ लागतं.

अशा माणसाला माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, त्यांची स्वतःचीच सायकल करायला दिली. तयार सायकल नव्हे. नुसती फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा आणि खोकी भरून सुटे भाग.

भाची दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की सायकलवर सामान लादून भटकते. तिला परदेशात काम मिळालं, चांगलं तीन वर्षांचं. जाण्याआधी बापलेकींनी समुद्राच्या कडेकडेने आठवडाभर सायकलने हिंडायचं, पार दीपगृहापर्यंत जायचं, असं तिने ठरवलं. फोनवर म्हणाली, “कापड माझं, शिलाई तुमची. चार तारखेला सकाळी निघायचं. परत आले की माझं विमान आहे, बाबा, त्यामुळे ही तारीख सरकणार नाही.”

“दिली!” मास्टर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की गल्लीतली जाणती माणसं जुने कपडे जपून वापरायला लागतात.

फ्रेम त्यांनी दुकानात कोट टांगायच्या आकड्याला टांगली. येणारा-जाणारा विचारायचा, “मास्टर, हे कुणाचं माप? फारच वाळलाय बिचारा!” मास्टर लक्ष द्यायचे नाहीत. चाकांत स्पोक ओवायचं काम त्यांनी असं केलं की बघत राहावं. वर-खाली, वर-खाली, मधून आडवा, जणू भरतकामच. चाक फिरवून, एक डोळा मिटून, पँटच्या दुमडीकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघायचे आणि एखाद्या स्पोकला हळूच पीळ द्यायचे. चाकं सरळ झाली. हँडलवरची पट्टी कॉलरसारखी बसली. सामानाच्या पिशव्या त्यांनी जाड कॅनव्हासच्या स्वतः शिवल्या आणि आतून त्यांना रेशमी अस्तर लावलं. का, ते विचारू नका. मी विचारलं तर म्हणाले, “आतून घासायला नको.” आत जाणार होते पाने आणि पंक्चरचं सामान.

जिथे कापायचा प्रश्न आला तिथे मात्र शिंपी जागा झाला. ब्रेकच्या तारांना एवढी माया सोडलेली, की हँडलपुढे त्यांचे झोपाळे लोंबायचे. चेन एवढी सैल, की जमिनीला नमस्कार करू बघायची. आणि कळस म्हणजे ती नळी. चिमट्याची नळी फ्रेमच्या तोंडातून वर येते आणि तिच्यावर हँडल बसतं. नवी नळी मुद्दाम लांब देतात, मालकाने आपल्या मापाने कापून घ्यायची. मास्टरांनी ती तशीच ठेवली. हँडलच्या वर ती धुराड्यासारखी हनुवटीच्या दिशेने निघालेली.

पहिली ट्रायल झाली तेव्हा मी हजर होतो. मास्टर ऐटीत बसले, दोन पायडल मारली आणि वळायला हँडल डावीकडे फिरवलं. हँडल डावीकडे गेलं. सायकल सरळ गेली, थेट समोरच्या लाँड्रीत. चादरींच्या ढिगातून आम्ही त्यांना बाहेर काढलं. तेव्हा कळलं की एकही नट त्यांनी पक्का आवळला नव्हता. सगळे बोटांनीच फिरवलेले.

“अहो, असं कसं केलंत?” ताई किंचाळली.

“ट्रायलच्या आधी पक्कं करतात का कधी?” मास्टर चादर झटकत म्हणाले. “कच्च्या टाक्यावर ट्रायल, मग पक्की शिलाई.”

“कच्च्या टाक्यावर माणूस आरशासमोर उभा राहतो हो, उतारावरून सुटत नाही!”

पुढे नट आवळले गेले. चेन आणि तारा ताईने डोळे वटारल्यावर कापल्या गेल्या. नळी राहिली ती राहिलीच, आणि तीन तारखेला दुपारी भाची आली. तिने सायकलभोवती एक फेरी मारली, पिशवीत हात घालून अस्तर चाचपलं, खुदकन हसली. मग धुराड्यापाशी थांबली.

“बाबा, ही नळी?”

“उद्या बघू.”

“उद्या निघायचंय.”

“मग वाटेत बघू.”

“वाटेत खड्डा आला तर छातीत घुसेल. कापा.”

“अजून एक ट्रायल घेऊ.”

“टायर ट्रायलीतच झिजले यांचे,” ताई म्हणाली.

मास्टर चिडले. “तुम्हाला कळत नाही. आज माझी पाठ वाकते, हँडल इथे बरं. म्हातारपणी वाकली नाही तर? हँडल वर घ्यावं लागेल. तेव्हा नळी कुठून आणू?”

“दुकानातून. नवा चिमटा मिळतो.”

“आणि बसवणार कोण? तेव्हा तू असशील इथे?”

ताई म्हणाली, “हं, आत्ता खरं बोललात. अगं, तुझ्या बापाला वाटतंय, सायकल अर्धी राहिली तर तुझं विमानही ट्रायलसाठी थांबेल.”

मी हसलो. मास्टर हसले नाहीत. भाचीही नाही. ती म्हणाली, “मी सकाळी सहाला निघणार. आलात तर दोघं, नाहीतर मी एकटी. पण एकटी गेले तर समुद्र संपेपर्यंत तुम्हाला शिव्या देत जाईन.”

मास्टर उठले आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून लोखंड कापायची करवत मागून आणली. नळीवर खडूची रेघ मारली. पुसली. बोटभर वर मारली. तीही पुसली. तिसऱ्यांदा मारल्याबरोबर भाचीने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला.

करवत चालली. चेहरा असा, की अंगातलाच सदरा कुणी उसवतंय. तुकडा फरशीवर पडून खणखणला. मास्टरांनी कानस घेऊन नळीची कड गुळगुळीत केली, अंगठा फिरवून पाहिला आणि पुन्हा घासली.

“दोन बोटं जास्तच ठेवलीत, बाबा.”

“तेवढी राहू देत.”

“राहू देत,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच मास्टर रस्त्यावर सायकल धरून उभे. पिशव्या लादलेल्या, डोक्यावर हेल्मेट, पँटच्या पायांना क्लिपा. भाचीला मात्र चार्जर सापडत नव्हता, मग एक मोजा, मग दुसरा. खालून मास्टरांची बेल सुरू झाली. खिडक्या उघडल्या. ज्यांचे कपडे वर्षभर अडकले होते ते सगळे डोळे चोळत बघू लागले.

“किती वेळ?” मास्टर ओरडत होते. “तारीख दिलीस ना? मग?”

“अहो, बेल झिजेल!” ताई खिडकीतून म्हणाली.

त्यांनी बेल थांबवली नाही. भाची एकदाची धापा टाकत खाली आली, तोंडात पाव, एका बुटाची नाडी सुटलेली. तेव्हा मास्टरांनी सायकल भिंतीला टेकवली, खाली बसले आणि तिची नाडी बांधायला लागले.

“सावकाश खा,” म्हणाले. “घाई नाही.”