लुगड्यावरचा बूट

हवालदारानं माझ्या लुगड्यावर बूट ठेवला.

मी ओढ्यात बसलेली. गुडघे छातीशी घेतलेले. अर्धं लुगडं अंगाला, अर्धं खडकावर वाळत. त्या वाळत्या अर्ध्यावर त्याचा बूट. लुगडं एकच, सलग. ओढावं तर फाटणार. उठावं तर अंगावरचं सुटणार.

"हालू नको," तो म्हणाला. "हाललीस तर तुझीच अब्रू जाईल."

मी हालले नाही. दात वाजत होते. थंडीनं म्हणावं तर ऊन चांगलं वर आलं होतं.

आता ज्यांच्या घरी दांडीवर चार-चार लुगडी वाळतात त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या वस्तीत बाईला लुगडं एकच असायचं. त्यातच अंघोळ, त्यातच काम, त्यातच झोप. मग धुवायचं कसं? त्याची रीत होती. ओढ्यात उतरायचं, अर्धं अंगाला ठेवायचं, अर्धं धुऊन खडकावर टाकायचं. ते वाळेस्तोवर पाण्यात बसून राहायचं. वाळलं की ते अंगाला घ्यायचं आणि अंगावरचं धुवायचं. दोघी असल्या की एक धुवायची, दुसरी वाटेकडं बघायची. त्या दिवशी मी एकटी होते. मी काम करायचे तिथल्या पाहुण्यांमुळं मला उशिरा बोलावलं होतं, म्हणून वस्तीतल्या बाया धुऊन गेल्यावर मी उतरले होते.

आणि तिथंच का, तर दुसरीकडं कुठं उतरणार? गावच्या विहिरीला आमचा हात लागलेला चालत नव्हता. ओढ्याचा वरचा पाणवठा गावाचा. प्यायला, धुवायला आमच्या वाट्याला खालचा तेवढा तुकडा. लोणावळ्याला एका बंगल्याच्या मागच्या भिंतीखालचा.

हवालदारानं मला दंडाला धरून का उठवलं नाही, तेही तुमच्या लक्षात आलं असेल. हात लावला असता तर त्याला अंघोळ करावी लागली असती. बुटाला विटाळ होत नाही. म्हणून बूट.

त्या बंगल्यातच मी कामाला होते. मागच्या दारानं यायचं, अंगण झाडायचं, बागेला पाणी घालायचं. साहेब जर्मन देशाचा. दुसरी मोठी लढाई अजून लागायची होती, तेव्हाची ही गोष्ट. थंडीत त्याच्याकडं त्याच्याच मुलखातले पाहुणे यायचे. बाप्ये, बाया, दोन्ही. ऊन वर आलं की घंटा वाजायची. घंटा वाजली की नोकरांपैकी कुणी मागच्या हिरवळीवर जायचं नाही, अशी ताकीद. मी नवी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याची घागर घेऊन गेले तर सगळी माणसं हिरवळीवर पडलेली, अंगावर सूत नाही. कुणी पुस्तक वाचतंय, कुणी संत्रं सोलतंय. घागर पडली. मी पळत स्वयंपाकघरात आले आणि खानसाम्याला म्हटलं, चाचा, मागं माणसं मरून पडलीत.

चाचा कामशेतचे. आमच्यासारखंच बोलायचे. ते पोट धरून हसले.

"मेली न्हाईत गं. ऊन खात्यात."

मग त्यांनीच मला सगळं सांगितलं. साहेबाच्या देशात म्हणे अशी पुष्कळ माणसं. गावाबाहेर कुरण घ्यायचं, कुंपण घालायचं आणि सुटीच्या दिवशी आत असंच राहायचं. पोहायचं, खेळायचं, जेवायचं. पाप नाही, लाज नाही, तब्येतीला चांगलं. कायदा असा, की रस्त्यावर असं फिरलं तर गुन्हा, कुंपणाच्या आत ज्याची त्याची मर्जी. मग तिथं नवं सरकार आलं. त्यानं हुकूम काढला की हे सगळं बंद. साहेबाच्या कुरणात पोलीस शिरले. सगळ्यांचे कपडे गोळा करून गाडीत टाकले आणि माणसं तशीच उभी केली. म्हाताऱ्यासुद्धा. त्यानंतर साहेबानं देश सोडला. हे सांगताना साहेब अजून रडतो, असं चाचा म्हणाले.

खरं सांगते, मला साहेबाची कीव आली होती. मी मनात म्हटलं, बाई गं, त्या माणसाला अंग झाकायचं नाही म्हणून देश सोडावा लागला, आपल्याला अंग झाकायला मिळत नाही. पण लाजवलं तर दोघांनाही दुखतं. मला वाटलं, याला कळेल.

तर तोच बंगला, तीच भिंत. गच्चीवर एक पाहुणी मडम आली होती. तिला खाली ओढ्यात मी दिसले. तिनं साहेबाला सांगितलं, साहेबानं माणूस चौकीवर धाडला.

बऱ्याच वेळानं हवालदारानं बूट उचलला आणि पाठ न वळवता म्हणाला, गुंडाळ. मी गुंडाळलं. कसं गुंडाळलं ते माझं मला माहीत. तो काठी घेऊन मागं, मी पुढं, अशी वरात बंगल्याच्या व्हरांड्यात गेली. ओल्या लुगड्याचं पाणी फरशीवर गळत होतं आणि मला भीती काय वाटली असेल, की ही फरशी आता मलाच पुसावी लागणार. भ्यालेलं माणूस असलंच काहीतरी धरून बसतं.

साहेब आला. अंगाला पंचा, कमरेशी गाठ मारलेली. मागून हिरवळीवरून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. घंटा वाजून गेली होती. तो बोलला, चाचांनी मराठीत सांगितलं. साहेब म्हणतो, भिंतीखाली बाया उघड्यानं बसतात, त्यामुळं पाहुण्यांना संकोच होतो. साहेब दयाळू आहे, खटला नको म्हणतो. तू माफी माग. आणि तुमच्या वस्तीतली कुणी बाई यापुढं तिथं उतरणार नाही, असं हवालदारासमोर कबूल कर. मग तुला सोडतील आणि कामही राहील.

मी चाचांकडं बघितलं. ते बघत नव्हते.

हवालदार म्हणाला, "बोल की. कबूल हाय म्हन. नायतर कोठडीत ऱ्हा."

कोठडीत बाईचं काय होतं ते वस्तीत आम्ही कुजबुजत बोलायचो, मोठ्यानं नाही. कबूल म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मनात आलं, मी कबूल केलं तर उद्या सासू कुठं उतरणार? शेजारची बाळंतीण कुठं उतरणार? माझ्या एका शब्दानं सगळ्यांचं पाणी जाणार.

"चाचा," मी म्हटलं, "सायबाला इचारा. त्याच्या मुलखात पोलिसानं त्याची कापडं नेली, तवा त्यो हितं आला. माज्या लुगड्यावर त्यानं पोलीस घातला. आता मी कुटं जाऊ?"

चाचा हळूच म्हणाले, "पोरी, हे सांगू मी?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. साहेबाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता कळलं त्याला. त्याला कळलं होतं हो. चांगलं कळलं होतं. त्यानं पंचाची गाठ घट्ट केली, हवालदाराला एकच शब्द बोलला आणि आत गेला. त्याचा अर्थ चाचांनी मला सांगितला नाही. हवालदारानं काठी टोचली.

चौकीच्या बाहेर उन्हात बसवलं. येणारा-जाणारा बघून जायचा. लुगडं अंगावरच वाळलं. दिवेलागणीच्या आधी, परत तिथं दिसलीस तर बघ, असा दम देऊन हाकललं. काम गेलं ते गेलंच.

घरी सासू वाटच बघत होती. "व्हय म्हनली असतीस तर जीभ झडली असती का तुजी?"

"माजी न्हाई झडली असती. तुमचं पानी गेलं असतं."

नवरा म्हणाला, आठ दिवस घरात बस. तोही भ्यालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेले. सोबत कुणी आलं नाही. मी बोलावलंही नाही. वाटेत दोनदा बसले. गच्चीवर काही हाललं की थांबायचे. पाण्यात उतरले, अर्धं धुतलं, पसरलं आणि बसले. ते वाळायला जितका वेळ लागतो तितका वेळ बसले. कुणी आलं नाही. पण पुढं साहेबाची माणसं आणि पोलीस आले. तारही ठोकली भिंतीखाली. तोवर सासू आणि आणखी बाया माझ्यासोबत होत्या. आम्ही तार वाकवली आणि उतरलो. हाकललं, पुन्हा उतरलो. कुणी कबुली दिली नाही.

लोक विचारतात, तेव्हा भीती कशी गेली? गेली कुठं? खाकी दिसली की आजही माझे गुडघे आपोआप जवळ येतात. ती जायची वाट बघत बसले असते, तर वस्ती तहानेनं मेली असती. भिऊन उतरायचं. पण उतरायचं.