मालाचं सुतक

आमच्या हिच्या मामांना घाबरत नाही असा किडा इंदुरात नव्हता, आणि त्यांना वैतागला नाही असा माणूसही नव्हता. मामा सरकारी पीकसंरक्षण खात्यात निरीक्षक होते. परदेशी जाणारं धान्य तपासायचं आणि त्यात कीड नाही असा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. बाकीची सरकारी माणसं संध्याकाळी कचेरीतून सुटतात. मामा कधी सुटलेच नाहीत. सुतळीला बांधलेलं एक भिंग कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. कुणाकडे गेले की चपला काढून ते थेट स्वयंपाकघरात शिरत आणि डबे उघडून बघत. मामा गल्लीच्या तोंडाशी दिसले की माझी आई रव्याचा डबा पलंगाखाली सरकवायची. मग मामा यायचे, पाण्याचा पेला तोंडाला लावायचे आणि पाणी पिता पिता पलंगाखाली वाकायचे. "आक्का, रवा अलग ठेवला ना, एकदम सही केलं. बीमार आहे तो."

माझं लग्न तर त्यांच्याच ओरडण्यावर लागलं. भटजींनी शेवटच्या मंगलाष्टकाचा सूर लावला होता, मुहूर्ताला अजून थोडा अवकाश होता, आणि एवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूनं मामा गरजले, "थांबा! अक्षतांत सोंडे आहेत!" बँडवाल्यांना वाटलं, हीच खूण. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, बँड ऐकून अंतरपाट धरणाऱ्यांनी तो ओढून घेतला, आणि सोंड्यांसकट अक्षता आमच्या डोक्यावर पडल्या. सगळे मामांवर तुटून पडले. मामा शांतपणे म्हणाले, "भटजी इतक्या वेळा सावधान म्हणाले. तुमच्यातला एक जण तरी झाला का? मी झालो." त्यानंतर कित्येक दिवस ही केस विंचरताना आरशात जरा जास्तच निरखून बघत असे.

बाहेरगावाहून आलेल्या झाडांवर त्यांचा विशेष राग. एकदा हिच्या मावशीनं नागपूरहून येताना दुधाच्या डब्यात मोगऱ्याचं रोप आणलं. मामांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात, बाकीच्या कुंड्यांपासून लांब नेऊन ठेवलं. परगावचं रोप, त्याच्या मातीत काय दडलंय कोणाला ठाऊक, म्हणून ते काही दिवस एकटं राहायला हवं. या गोष्टीला खात्यात इंग्रजी शब्द होता, पण तो मामींच्या जिभेवर बसेना. मग मामांनी सोपं करून सांगितलं, "त्याला सुतक आहे." हे मामींना लगेच पटलं. शिवायचं नाही, दुसऱ्यांत मिसळायचं नाही, दिवस भरले की पाणी घालून घरात घ्यायचं. मामींनी त्या मोगऱ्याची फुलंसुद्धा देवाला वाहिली नाहीत. तेव्हापासून मामा कचेरीतही हाच शब्द वापरू लागले, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या शब्दानं केला.

मी त्या वेळी एका कापड गिरणीत फोल्डिंग खात्यात होतो. तयार कापड उजेडासमोर धरायचं आणि कुठे धागा सुटलाय, कुठे भोक आहे ते हेरायचं, असं माझं काम. मग शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तशी आमचीही पडली. भोंगा वाजेनासा झाला आणि गल्लीतल्या बायकांच्या डाळ शिजायला टाकायच्या वेळा चुकू लागल्या. वर्षभर मी घरी बसून होतो. बसलेल्या माणसाला घरातले लोक किती जपून बोलतात, ते मला तेव्हा कळलं. अखेर इंदूरजवळच्या बेटमा गावच्या एका शेठजींनी मला कामावर घेतलं. पूर्वी त्यांचं कापडाचं दुकान होतं. परदेशी व्यापार मोकळा झाल्याबरोबर त्यांनी कापड गुंडाळून ठेवलं आणि काबुली चणा साफ करून बाहेर पाठवण्यासाठी मोठं गोदाम टाकलं. त्या गोदामाची देखरेख माझ्याकडे आली.

परदेशातून पहिली मागणी आली तेव्हा शेठजींनी मला समोर बसवून सांगितलं, "देखो भिया, सब इसी में लगा दिया है. ये माल लौटा, तो गोदाम को ताला. फिर हम भी घर, तुम भी घर." एक कुलूप मी बघितलं होतं. दुसरं बघायची माझी छाती नव्हती. तपासायला येणारा निरीक्षक माझा मामेसासरा आहे हे कळल्यावर मात्र शेठजींचा चेहरा उजळला. "अरे, फिर तो घर का मामला है!" घरच्या रव्याची गत मी बघत आलो होतो.

एरवी सरकारी जीप दिसली की बेटम्याचे व्यापारी दुकानांची शटरं खाली ओढत. त्या दिवशी शेठजी स्वतः हार घेऊन उभे होते. मामांनी हार टेबलावर ठेवला, पुढे आलेली कचोरी भिंगातून बघितली, मग खाल्ली, आणि पोत्यांकडे वळले. चणा टपोरा, पांढराशुभ्र. मामांनी तो मूठभर चाळला आणि बाजूला सारला. मग रिकामं बारदान मागवून ते उन्हात पांढऱ्या कागदावर झटकू लागले. बराच वेळ काही पडेना. माझा श्वास जरा मोकळा होतोय तोच शिवणीतून एक बारीक केसाळ अळी कागदावर पडली आणि वळवळली.

"खपरा," मामा म्हणाले. दुसरा कुठलाही किडा एक वेळ चालतो, पण खपरा दिसला की परदेशी बंदरातून अख्खा माल परत येतो. शेठजींनी माझ्याकडे बघितलं. खपरा निघाला होता पोत्यात, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार हे मला स्पष्ट दिसलं. मामा जीपमध्ये बसले. शेजारची जागा रिकामी असूनही त्यांनी मला चला म्हटलं नाही.

संध्याकाळी मी छत्रीबागेत त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसून पोहे खात होते. "मामा," मी म्हणालो, "माझी नोकरी जाईल हो."

"जाऊ शकते," मामा म्हणाले. "पण जावईबापू, मी डोळे मिटून सही केली अन् माल परत आला, तर नोकरी तर जाईलच. वरून बाकी व्यापाऱ्यांचा माल पण तिथे कोणी उतरवून घेणार नाही. मग किती लोकं घरी बसतील, सोचा ना. मी तुमच्या शेठला फोन केलाय. काय करायचं ते पूरा समजावलंय."

एवढ्यात गल्लीत मोटार थांबली. शेठजी उतरले, मागून त्यांचे मुनीम. दोघेही पांढऱ्या कपड्यांत, खाली मान घातलेले. शेठजींनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "साहब, होनी को कौन टाल सका है. हिम्मत रखिए."

मामांना वाटलं, हे खपऱ्याबद्दल चाललंय. "हिम्मत क्या रखना, सेठजी. धुआँ देना है, बस."

शेठजी दचकले. मामींनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली तेव्हा तर ते दोन पावलं मागे सरकले. "नहीं नहीं, ऐसे घर में हम कैसे खाएँ."

मामांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या घरच्या पोह्यांवर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. "कैसे घर में? भिंग लगाके देखा है मैंने एक एक दाना! एक कीड़ा निकाल के बताओ!"

शेवटी मुनीमजींनी भीत भीत विचारलं, "साहब, गया कौन?" तेव्हा सगळा उलगडा झाला. मामांनी फोनवर सांगितलं होतं, माल सूतक में है, सात दिन कोई हाथ नहीं लगाएगा. बेटम्याची लाइन नेहमीसारखी खरखरत होती. शेठजींना त्यातलं सूतक आणि सात दिन एवढंच ऐकू आलं, आणि दुपारचा सगळा राग गिळून तो भला माणूस शोक करायला इंदूरपर्यंत आला होता.

आधी मामी हसल्या, मग मी, मग मुनीमजी. शेठजी हसता हसता ओट्यावर टेकले. एवढ्या मोठ्या संकटात आपण हसतोय याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. मामांनी पोह्यांची बशी पुन्हा पुढे सरकवली. "सेठजी, कीड़ा आपका भी दुश्मन, मेरा भी. फिर अपन आपस में काहे को लड़ रहे हैं?"

शेठजींनी पोह्यांवर शेव घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी कचेरी आणि गोदाम एकत्र कामाला लागलं. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री टाकून आत औषधाच्या गोळ्या ठेवायच्या, कडेनं वाळूनं भरलेल्या लांब पिशव्या दाबायच्या आणि धुरी बाहेर येऊ द्यायची नाही. मामांनी खात्याची माणसं आणली, शेठजींनी हमाल दिले. ताडपत्री बघून मात्र माझे गिरणीतले डोळे जागे झाले. मी ती उन्हासमोर धरायला लावली आणि एक एक भोक दाखवत गेलो. मामा माझ्यामागे चिकटपट्टी घेऊन फिरत होते. "इकडे पण आहे ना, जावईबापू? वा! आमच्या खात्यात यायला पाहिजे होतं तुम्ही." गिरणी बंद पडल्यापासून माझं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मग ते सात दिवस पाळले गेले. कवटीचं चित्र असलेली पाटी लागली. शेठजी रोज लांबूनच थप्पीला हात जोडत. दिवस भरल्यावर मामांनी पोती पुन्हा झटकली, शिवणी उसवून बघितल्या, आणि जिवंत असं काही सापडलं नाही तेव्हाच सही केली. माल बंदराकडे निघाला.

पुढे नुसती वाट बघणं होतं. एके दुपारी गोदामातल्या फॅक्सच्या यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. माल तपासून उतरवून घेतला होता आणि आणखी पाठवा म्हणून लिहिलं होतं. मी तिथेच पोत्यावर बसलो. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. शेठजी ओरडत अंगणात धावले, आणि मी स्कूटर काढून छत्रीबागेत गेलो.

मामांनी बातमी ऐकली. "मग? परत यायला काय झालं होतं त्याला?" एवढंच म्हणून ते भिंग पुसत बसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. मामी आत जाऊन शेवेचा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो मामांपुढे आदळला. "घ्या आता! जहाज निघालं तेव्हापासून शेव सोडली होती यांनी. जावयाची नोकरी राहू दे म्हणून." इंदूरच्या माणसानं शेव सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मामा ओशाळून म्हणाले, "पोट बिघडलं होतं." आणि बकाणा भरला.

त्यानंतर सरकारी जीप बघून बेटम्यात शटर पडलं नाही. व्यापारी आपणहून फोन करायचे, "मामाजी, जरा देख जाओ." सगळ्या बाजारात तो शब्दच रुळला. अजूनही तिथे हमालाला सांगतात, "ये ढेरी सूतक में डाल दे."

मामा गेले, तेव्हा मीच शेठजींना फोन केला. तेही आता थकले होते, कानांनी कमी ऐकत. मी म्हणालो, "सेठजी, मामाजी के घर सूतक है."

तिकडून ते मोकळेपणानं हसले. "अब किसका माल रोक दिया उन्होंने?"

"सेठजी," मी म्हणालो, "इस बार सचमुच का सूतक है." तिकडचं हसू हळूहळू थांबलं.

दुपारी ते आले, तेच पांढरे कपडे घालून, आणि ओट्यावर बसून गेले. सुतक फिटल्यावर पुन्हा आले. मामींनी पोहे केले होते. शेठजींनी बशी हातात घेतली, पण खाईनात. मग त्यांनी मामींकडे भिंग मागितलं. सुतळी बोटाला गुंडाळून, बशी उजेडाकडे धरून, त्यांनी ते पोहे सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तपासले.

"साफ है, भाभीजी," ते म्हणाले, आणि शेवेसाठी बशी पुढे केली.