निळ्या ठिपक्याचा दगड

इर्मेलीच्या फोटोला दोनशे बारा अंगठे पडले होते. वेईकोच्या शेवटच्या फोटोला चौदा, आणि त्यातला एक बायकोचा.

फोटोत टोपलीभर पिवळीजर्द अळंबी. बाईला गावात येऊन दोन वर्षं झाली नव्हती, आणि वेईको चाळीस वर्षं अळंबी वेचत होता. त्याच्या पोटात दुखणारच. रांतासाल्मी गावाच्या ऑनलाइन गटावर त्याने लिहून टाकलं, "हा फोटो इथला नाही. कुठून तरी उचललेला आहे." तपासलं काहीच नव्हतं. पण दर गुरुवारी वाचनालयात म्हाताऱ्यांना इंटरनेटवरचं खरंखोटं पारखायला शिकवणारा माणूसच म्हणतोय म्हटल्यावर गावाने इर्मेलीला खोटारडी ठरवलं.

गुरुवारी इर्मेली पहिल्या खुर्चीत.

"गुरुजी, आज माझा फोटो घ्या. सगळ्यांसमोर."

वेईकोने तो पडद्यावर लावला, शोधला. इंटरनेटवर दुसरीकडे कुठेच नव्हता.

"पण सापडला नाही म्हणजे खरा, असं नाही," मागून पेंट्टी म्हणाला. "तूच शिकवलंस. जागा ओळखायची."

"जागा मी सांगणार नाही," इर्मेली म्हणाली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अळंबीची जागा इथे कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

वेईकोने फोटो मोठा केला. टोपलीमागे दुभंगलेला दगड आणि दगडावर निळा ठिपका. तो त्यानेच लावला होता, मोजणी खात्यात असताना, सरकारी रंगाने. त्याची स्वतःची टोपलीही दर वर्षी याच दगडामागे भरायची, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गप्प बसलं तर जागा वाचत होती आणि बाई खोटारडी राहत होती. खरं सांगायचं तर त्याला दोन्ही चाललं असतं. पण समोर बारा जण वह्या उघडून बसले होते, आणि प्रत्येक वहीत पहिल्या पानावर त्याचंच वाक्य होतं: आधी तपासा, मग बोला.

"फोटो खरा आहे. इथलाच. मी न तपासता बोललो."

"कशावरून खरा?" पेंट्टीने विचारलं.

"तो निळा ठिपका माझा आहे."

शेवटच्या रांगेतून त्याची बायको आउने शांतपणे म्हणाली, "अच्छा. म्हणजे भावाच्या रानातली म्हणून तू घरी आणायचास, ती अळंबी इथली."

नंतर कॉफीच्या वेळी आउने आणि इर्मेली डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. वेईकोने ते पाहिलं आणि आणखी एक बिस्कीट उचललं.

संध्याकाळी त्याने गटावर माफी लिहिली. एकसष्ट अंगठे. आजवरचा त्याचा उच्चांक. लगेच त्याने इर्मेलीचे पाहिले. चारशे सात.

सकाळी तो टोपली घ्यायला गेला, तर खुंटी रिकामी. दारातले आउनेचे बूटही नव्हते.