शामलाच्या ताटातली भाकर

शामला माझी धाकटी जाऊ, उमरेडची. हातमागावर बसली की गाणं म्हणे, अन् अख्खी गल्ली आमच्या सासूले म्हणे, "काय गुणाची सून आणली वं पार्वतीबाई!" मंग मी काय उकिरड्यावरून आली होती?

एक्याऐंशी साली आम्ही दोघी एकाच महिन्यात बाळंत झालो. तिचं लेकरू जन्मताच गेलं. माझा गिरिधर जगला, पण मले दूधच येईना. सासू म्हणाली, "शामला, तू पाज." तिनं पदराखाली घेतलं अन् पोरगं चूप. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पोरगं गुटगुटीत झालं, पण माझ्या मांडीवरून तिच्याकडंच झेप घ्यायचं. एक दिवस मी म्हटलं, "बस झालं. आजपासून बाटली." आठवड्यातच त्याले हगवण लागली. डोळे खोल गेले, रडायचा आवाजही निघेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं अन् विचारलं, "त्या बाईचं दूध का तोडलंत?" मंग समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात. त्यातल्या काही आतड्यातल्या बारीक गाठींमधी जातात, पोटात काय काय येते ते ओळखायले शिकतात, अन् रक्तातून फिरून परत आतड्यात येऊन पक्क्या होतात. पाजणारीच्या काही पेशी दुधाच्या वाटेलेही लागतात. "तिच्या आतड्यांनी तुमच्याच घरच्या अन्नपाण्यावर शिकून ठेवलेलं याच्या पोटाला मिळत होतं," ती म्हणाली.

म्हणजे हिची आतडीसुद्धा माझ्याहून शहाणी! पण पोरगं हातचं जाऊन राहिलं होतं. शामला बाहेर वऱ्हांड्यात बसली होती, कोणी न बोलावता. मी पोरगं तिच्या पुढ्यात धरलं. "पाज वं," म्हटलं.

पोरगं वाचलं. माझं जळणं काही गेलं नाही. त्या दिवसापासून मी तिले चुलीजवळ फिरकू दिलं नाही. तिची आतडी शिकतील तर माझ्याच हातच्या भाकरीवर शिकतील! सासू म्हणे, "काय माया जावाजावांची!" माया कसली, कप्पाळ!

एकदा गिरिधरले पाजता पाजता शामला म्हणाली, "बाई, किती वाढून राहिल्या?"

"खा गुमान."

ती खाली पाहून म्हणाली, "याचं दूध सुटलं, की मंगही वाढाल नं मले?"

मी माझं ताट आणलं अन् तिच्याजवळ बसली. पोरगं तिच्याच मांडीवर होतं, अन् माझा जीव अजूनही जळतच होता.