दोनचा भोंगा

दादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. नऊ दिवस मी सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होते. दहाव्या दिवशी रजेचा अर्ज देऊन येते म्हणून इस्लामपूरला आले, आणि नेमकं तेवढ्यातच... हेडमास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, रिसीव्हर माझ्याकडं न देता हळूच खाली ठेवला, आणि मी समजले. त्याला आता दीड महिना झाला. मध्ये गावात शोकसभा झाली. ज्यांनी दादाला जन्मभर ‘भोंग्या हवालदार’ म्हणून हिणवलं, ती सगळी मंडळी पुढच्या सतरंजीवर, चेहरे पाडून. ‘दूरदृष्टीचा माणूस’ म्हणे! अहो, तो जिवंत होता तेव्हा तो समोरून येताना दिसला की हीच माणसं गल्ली बदलत होती. मला बोला म्हणाले, मी उठले नाही. जिभेला हाड राहिलं नसतं. म्हणून आता लिहिते.

नामदेव हवालदार हा माझा थोरला भाऊ. आष्ट्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि आमची वस्ती गावाच्या सखल अंगाला, ओढ्याकाठी. ही जागा आम्ही निवडलेली नव्हती. छप्पन्न साली वडिलांनी धम्म घेतला, घरातले देव ओढ्यात सोडले. वस्ती मात्र होती तिथंच राहिली. नव्वद सालच्या सुमारास दादा पलटणीतून पेन्शन घेऊन परत आला, तर वस्तीच्या वरच्या अंगाला कागदाचा कारखाना उभा. कागद पांढरा करायला क्लोरीन लागतो, तो मोठमोठ्या लोखंडी टाक्यांत भरून ट्रकनं येतो. बाकीच्यांना त्या ट्रकांत नोकऱ्या दिसल्या. दादाला पलटणीत विषारी वायूची कवायत शिकवलेली होती. त्यानं टाक्या पाहिल्या, खाली आमची घरं पाहिली आणि म्हणाला, “ह्यो वायू जड असतोय. फुटला तर सरळ आपल्या चुलीपाशी येऊन बसंल.”

कारखाना बंद करा असं तो कधीच म्हणाला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं तसं पसरवलं गेलं. त्याचं मागणं एकच होतं. कारखान्याचा भोंगा सहाला, दोनला आणि दहाला वाजायचा, शिफ्ट बदलायला. गळती झाली तरी तोच भोंगा वाजवायचा, असं त्यांचं ठरलेलं. दादाचं म्हणणं, धोक्याचा भोंगा वेगळा पाहिजे, वेगळ्या आवाजाचा. एवढंच! त्यासाठी त्यानं किती अर्ज केले देव जाणे. सगळे माझ्या अक्षरात. शेवटी शेवटी मी वैतागायची, “दुसरं काही लिहायला आहे का नाही तुला?” एकदा कारखान्याच्या साहेबांकडं मलाही बरोबर घेऊन गेला. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, “हवालदार, उगाच वेगळा भोंगा बसवला तर लोक घाबरतील.”

“घाबरावं म्हणूनच पायजे सायेब,” दादा म्हणाला. साहेब हसले. मग चहा आला. तो चहा दादानं घेतला नाही, आणि मी घेतला, याचा मला अजून राग येतो.

मग त्यानं वस्तीलाच शिकवायला घेतलं. वायू आला तर ओढ्याकडं पळायचं न्हाई, वर चढायचं. वाऱ्याला आडवं पळायचं. तोंडाला ओलं फडकं बांधायचं. लोक म्हणायचे, पलटण सुटली पण कवायत सुटंना. मी तरी कुठं वेगळी होते? माझ्या मुलीच्या साखरपुड्याला उंब्रजची पाहुणेमंडळी वस्तीवर आली, तर हा पठ्ठ्या भर मांडवात उभा राहून त्यांना सांगतोय, “पावनं, भोंगा झाला तर ह्या अंगानं वर चढायचं बरं का!” व्याह्यांचा घास हातातच राहिला. मी त्याला परड्यात नेऊन झाडला, “माझी लाज काढलीस सगळ्यांत.” महिनाभर बोलले नव्हते. तो मात्र दर रविवारी सायकल मारत इस्लामपूरला यायचा, उंबऱ्यावर भाजीची पिशवी ठेवायचा आणि चहा न पिताच परत जायचा.

यंदा उन्हाळ्यात त्याला ताप आला म्हणून मी त्याच्याकडं गेले होते. वहिनी रानात भांगलणीला गेलेल्या. दादा खाटेवर डोळे मिटून पडलेला, मी भाकरी थापत होते, आणि भोंगा झाला. दादानं डोळे उघडले.

“सुमे, ह्यो कशाचा गं?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एक वीस. आमच्या गावात घड्याळावर कोण विश्वास ठेवतो? शाळा भोंग्यावर सुटते, बायका भोंग्यावर रानात जातात, आणि घड्याळाचं जुळलं नाही तर घड्याळाचे कान पिरगाळतात. मी म्हणाले, “दोनचा. तुझं घड्याळ मागं पडलंय.”

“आत्ताच दोन?”

“व्हय. सेल संपला असंल.” स्टुलावर चढले आणि पिठाच्या हातानं काटे पुढं केले. माझ्या मनगटावरही घड्याळ होतं. त्यातही एक वीसच झाले होते. मी तेही पुढं केलं. दादानं ‘बरं’ म्हणून डोळे मिटले. दुसरं कुणी सांगितलं असतं तर तो उठला असता. मी मास्तरीण, माझ्यावर त्यानं विश्वास ठेवला.

पाचेक मिनिटांनी विहिरीत टाकतात त्या पावडरीसारखा वास आला आणि घशात आग उतरली. दादा अंगावरचं पांघरूण फेकून उठला. माझा पदर माठात बुचकळून त्यानं माझ्याच तोंडावर दाबला, दंडाला धरून मला वरच्या बांधावर ढकललं आणि ओरडत माघारी वळला, “वर चढा रं! वर!” लोक उठले, पळाले, त्यानं शिकवलं होतं तसेच वर पळाले. चालता न येणारी शेजारची म्हातारी सोनाक्का त्यानं पाठीवर आणली. मग पुन्हा खाली गेला, दोन पोरी आणल्या. तिसऱ्यांदा गेला तो रांगतच वर आला. वस्तीतलं बाकी कुणीही दगावलं नाही.

दवाखान्यात मी त्याला सगळं सांगितलं. माझ्यामुळं पाच मिनिटं गेली, म्हणाले. तो मास्क बाजूला सारून थांबत थांबत बोलला, “सगळ्यांनीच केली आसतील गं पुढं घड्याळं... म्हणूनच तर म्हणत हुतो, येगळा भोंगा पायजे.” मरताना तरी बहिणीला ‘जाऊ दे’ म्हणावं की नाही? न्हाई! मुद्दा सोडला नाही पठ्ठ्यानं. आणि तो मुद्दा खरा होता.

आता वेगळा भोंगा बसलाय. तेराव्या दिवशी बसला. एवढ्या वर्षांत जे जमलं नाही, ते तेरा दिवसांत जमलं. साहेब स्वतः घरी आले, “हवालदारांच्या स्मरणार्थ बटण तुम्ही दाबा.” मी त्यांना दारातच उभं ठेवलं. बसा म्हणाले नाही, पाणी दिलं नाही. माझ्या संस्कारांचं काय झालं असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

परवा वस्तीवर गेले होते. दादाच्या खाटेसमोर ते घड्याळ अजून चालतंय, चाळीस मिनिटं पुढं. काचेवर पिठाचं बोट उमटलेलं आहे. दोनचा भोंगा झाला तेव्हा त्यात तीनला वीस कमी होते. वहिनी म्हणाल्या, “सुमनताई, तेवढं नीट लावा की.”

मी हात मागं घेतला. म्हणाले, “तुम्हीच लावा वहिनी. मी एकदा लावलंय.”